उत्तरेच्या भिंतीतलं मडकं

आधीच सांगतो, हे खरं घडलेलं आहे.

हे वाक्य मी लिहिलं की लोक हसायच्या तयारीत बसतात. आमच्या भागातल्या साप्ताहिकात मी बावीस वर्षं विनोदी सदर लिहितोय. मी खरं बोलतोय हे कुणाला शेवटचं पटलं, ते माझ्या घटस्फोटाच्या वेळी.

तरीही सांगतो. रात्रीची गोष्ट नाही ही. सगळं दिवसाढवळ्या झालं, आणि साक्षीला अख्खं गाव होतं.

गाव म्हणजे स्टावरूप. डेन्मार्कच्या उत्तरेला, लिमफ्योर्ड खाडीच्या काठावर. दोनशे दहा माणसं, चार हजार डुकरं आणि जवळपास आठशे वर्षांचं एक दगडी चर्च.

दिवस २९ नोव्हेंबर २००९. नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला. सकाळचे सव्वादहा.

माझी थोरली बहीण बोडिल गायला उभी राहिली.

ती तिची नोकरीच होती. आमच्याकडे प्रार्थनेला आलेली माणसं गात नाहीत, नुसते ओठ हलवतात. मोठ्याने गायला पगारी माणूस ठेवतात. बोडिल सव्वीस वर्षं साऱ्या गावाच्या वाटचं गात होती.

तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. खणखणीत होता. दगडाच्या भिंतीवर आपटून तो परत आला की मागच्या बाकावरची माणसं दचकून जागी व्हायची. आणि आमच्या गावात झोपलेल्याला जागं करण्यासारखा गुन्हा नाही.

बोलायचीही ती तशीच. चर्चच्या समितीचा अध्यक्ष थोरकिल्ड. चार हजारांपैकी तीन हजार डुकरं त्याची. त्याच्या डुकरांची घाण ओढ्यात सोडली जाते, हे बोडिलने गावजेवणात उभं राहून सांगितलं होतं. सगळ्यांच्या ताटात तेव्हा डुकराचं मांस होतं.

तिला काढून टाकता येत नव्हतं, कायदा आडवा येत होता. मग समितीने तक्रार नोंदवली: गायिकेचा आवाज चर्चला झेपत नाही. पुरावा म्हणून माझ्या सदरातलं एक वाक्य जोडलं. 'बोडिलने वरचा सूर लावला की खाडीतले हेरिंग मासे स्वीडनला निघून जातात.'

"लिहिताना हसला होतास ना?" तिने मला विचारलं.

"थोडंसं."

"धाकट्या, तुझं थोडंसं मला फार महाग पडतं."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. मला धाकट्या म्हणणारी जगात ती एकटीच.

त्याच वर्षी सप्टेंबरात चर्चचा ओला गिलावा खरवडून काढायचं काम निघालं. भिंतींच्या वरच्या अंगाला, दगडांत गच्च बसवलेली मातीची मडकी सापडली. नऊ. तोंडं सगळ्यांची चर्चच्या आत वळलेली.

शहरातून सिने नावाची एक आवाजाची इंजिनिअर आली. तिने रिकाम्या बिअरच्या बाटलीवर फुंकर मारून दाखवली.

हूऽऽऽ.

"पोट मोठं, मान अरुंद," ती म्हणाली. "अशा भांड्याचा एक ठरलेला सूर असतो. तो खोलीत वाजला की भांडं तो आत ओढतं आणि आतल्या आत जिरवतं. तळाशी राख घातली की आणखी चांगला जिरतो. चर्च फार घुमू नये म्हणून जुन्या गवंड्यांनी ही बसवली."

"म्हणजे आमच्या खापरपणजोबांचे आवाज आत साठलेत?" मी विचारलं. सदराला बरं वाक्य होतं.

"सगळ्यांना तसंच वाटतं. मडकं आवाज साठवत नाही, खातं. त्या क्षणी आत गेला, त्या क्षणी संपला."

"आणि पोट भरलं की?"

"भरत नाही."

मग ती आम्हाला शेजारच्या समितीच्या सभागृहात घेऊन गेली. छताकडे बोट दाखवलं. पांढरे तक्ते, त्यांना हजारो बारीक भोकं.

"हीसुद्धा मडकीच. भोक म्हणजे मान, मागची पोकळी म्हणजे पोट. बँकेत, शाळेत, दवाखान्यात, सगळीकडे आहेत. तुम्ही रोज त्यांच्याखालीच बसता."

आठ मडकी उघडी होती, तळाशी जुनी राख. नववं उत्तरेच्या भिंतीत होतं, गायिका उभी राहते त्या जागेच्या बरोबर समोर.

त्याच्या तोंडात ओकचं बूच ठोकलेलं होतं. वर चरबी, चरबीवर चुना, चुन्यावर परत चुना. आणि काठावर, माती ओली असतानाच खिळ्याने कोरलेली अक्षरं...

'मारेनसाठी.'

समितीला केवढा आनंद झाला! आमच्याकडे कुणी गेलं की त्याच्या नावाने बाक देतात. खाडीकाठी चालायला जा, दर पन्नास पावलांवर एक बाक आणि त्यावर पितळी पट्टी: 'आजीसाठी', 'कार्लसाठी'. समितीने ताबडतोब ठरवलं की कुण्या प्रेमळ माणसाने कुण्या मारेनच्या आठवणीत हे मडकं दिलं. किती सुंदर. उघडायलाच हवं.

फक्त एबे नाही म्हणाला. एबे कबरी खणतो. चर्चच्या चाव्याही त्याच्याकडेच असतात. आधी त्याच्या बापाकडे होत्या, त्याच्याआधी आज्याकडे. वर्षाकाठी चाळीसेक वाक्यं बोलतो.

"ते बंद आहे," एबे म्हणाला.

"ते दिसतंय," थोरकिल्ड म्हणाला. "मग?"

"बंद आहे म्हणजे कुणीतरी बंद केलंय."

एवढं बोलून तो बर्फाची फावडी मोजायला निघून गेला. थोरकिल्डने हसत हसत स्वतःच्या हाताने बूच उपटलं.

आतून वास आला नाही. काहीच आलं नाही. उलट असं वाटलं, की शिडीभोवतीची कुजबुज एकदम... कमी झाली.

तर, २९ नोव्हेंबर. दुरुस्तीनंतरचा चर्चमधला पहिला रविवार.

ऑर्गन सुरू झाला. गावाने ओठ हलवायला सुरुवात केली. बोडिलने पहिली ओळ घेतली, दुसरी घेतली.

तिसऱ्या ओळीत एक सूर आला नाही.

तोंड उघडं होतं. मानेची शीर ताठ होती. पण सुराच्या जागी... भोक.

पुढच्या सुराला आवाज परत आला. चौथ्या ओळीत तोच सूर होता. पुन्हा भोक. पडलेल्या दातातून हवा जावी तसं.

बोडिलच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. ती गात राहिली.

प्रार्थनेनंतर कॉफी असते. थोरकिल्ड केकचा तुकडा घेऊन माझ्याजवळ आला. "आज कानाला त्रास झाला नाही. काही वाईट नव्हतं."

'काही वाईट नव्हतं' ही आमच्या भागातली सर्वोच्च पदवी आहे. बोडिलला सव्वीस वर्षांत ती पहिल्यांदा मिळाली होती.

घरी गेल्यावर मी विचारलं, "तो वरचा सूर का गाळलास?"

"कुठला?"

मी गुणगुणून दाखवला. तिने स्वयंपाकघरात उभं राहून तो लावला. कपाटातल्या बशा किणकिणल्या. मी म्हटलं, चला, माझेच कान.

दोन आठवड्यांनी बशा किणकिणायच्या थांबल्या.

नाताळच्या जेवणाला ती टेबलाच्या पलीकडून काहीतरी बोलली. मला फक्त 'स' आणि 'ट' ऐकू आले. कुणी कागद चुरगाळावा तसे.

"काय?"

ती पुन्हा बोलली. पुन्हा कागद. मला वाटलं, माझी टर उडवतेय. मी हसलो.

ती हसली नाही. उठून तिने किराण्याच्या यादीची वही आणली आणि लिहिलं: 'मी ओरडतेय.'

गळ्याच्या डॉक्टरने नळी घालून पाहिलं. पडदे तरुण मुलीचे असावेत तसे. तिचं तिला सगळं नीट ऐकू येत होतं. त्याने औषध म्हणून विश्रांती दिली. त्याच्या दवाखान्याच्या छताकडे मी तेव्हा पाहिलं नव्हतं.

जानेवारीत समितीची सभा झाली. बूच उपटल्यापासूनच हे सुरू झालं, हे बोडिलने ताडलं होतं. ती पाठ करून आली होती: ते मडकं बंद करा. ती उभी राहिली आणि सात मिनिटं बोलली. मी घड्याळ लावलं होतं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, मूठ टेबलावर आपटत होती. मुठीचा आवाज येत होता.

थोरकिल्डने चष्मा पुसला. "कुणाला काही म्हणायचंय का?"

ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. बोलत होती.

"नाही? मग पुढचा विषय."

आठ माणसं होती त्या खोलीत. आठही जणांनी कॉफीच्या कपात पाहिलं. तेव्हा मला कळलं, त्यांना हे कळलंय. आणि ते त्यांना आवडलंय.

सभेचं इतिवृत्त टपालाने आलं. कलम चार: 'बोडिल यांना काही म्हणायचं नव्हतं.'

मीही त्या सभेत काही बोललो नाही. मला तेव्हा आवाज होता, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी मी थोरकिल्डच्या घरी गेलो. राजघराणं सोडलं तर आमच्या देशात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात. त्यामुळे अपमान फार स्वस्तात होतात.

"तुझ्या बहिणीने रजा घ्यावी," तो म्हणाला. "पूर्ण पगारी. आम्ही काय राक्षस आहोत?"

"मडकं बंद कर."

"ती ठेव आहे, होल्गर. कुणाची तरी आठवण आहे."

"तिचा आवाज जातोय रे!"

"अरे, तूच नाही का लिहिलं होतंस? हेरिंग परत येतील आता." आणि तो मनापासून हसला. वाक्य चांगलंच होतं.

एबेने त्याचं वर्षभराचं बोलणं त्या आठवड्यात खर्च केलं. कबरस्तानातला बर्फ काढताना तो म्हणाला, "मारेन विधवा होती. अडीचशे-तीनशे वर्षं झाली. इथल्या बड्या शेतकऱ्याने स्वतःच्या मुलाऐवजी तिचा मुलगा सैन्यात धाडला. तो आलाच नाही. मग ती दर रविवारी प्रवचन संपलं की उभी राहायची आणि त्या शेतकऱ्याचं नाव घ्यायची. मोठ्याने. चर्चमध्ये यायला बंदी करता येईना, त्या काळी सगळ्यांना यावंच लागायचं."

"मग?"

"कुंभार आणला. त्याला तीन रविवार तिच्या मागच्या बाकावर बसवलं. ऐकायला."

मी फावडं खाली ठेवलं.

"कुणाच्या आठवणीत नव्हतं ते," एबे म्हणाला. "तिच्यासाठीच होतं. आधी ती चर्चमध्ये ऐकू येईनाशी झाली. मग विहिरीवर. मग घरात. माघात खाडीवरच्या बर्फात तिचा पाय गेला. काठावर माणसं होती. कुणालाच हाक आली नाही. त्यानंतर बूच ठोकलं. पश्चात्ताप म्हणून नाही. मडकं तिच्यानंतर दुसरा आवाज शोधायला लागलं म्हणून."

"त्या शेतकऱ्याचं शेत कुठलं?"

एबेने सांगितलं. ते आज कुणाकडे आहे ते मी इथे लिहीत नाही. मला याच गावात राहायचंय.

फेब्रुवारीत खाडी गोठली. बोडिल रोज अकराच्या सुमाराला तिकडे जाऊ लागली. वहीत लिहून दाखवायची. 'तिथे भिंती नाहीत. बर्फावर उभी राहून हाक मारली की पलीकडच्या काठावरून माझा आवाज परत येतो. धाकट्या, तिथे मी अजून आहे.'

मी म्हटलं, जा. तिचा चेहरा जरा उजळला होता.

१६ तारखेला तिने लिहिलं: 'आज परत आला नाही. उद्या थोडी पुढे जाऊन बघते.'

मी पहिलं वाक्य वाचलं, आणि ठरवलं की आता समितीला विचारायचं नाही. पुढचं काही मी वाचलंच नाही. 'पुढे जाऊन' या शब्दांकडे माझं लक्षच गेलं नाही.

१७ फेब्रुवारी. बुधवार. एबेने चर्च उघडलं, शिडी लावली. त्याने ओकचं नवं बूच तासून आणलं होतं, डब्यात वितळलेली चरबी होती. मी वर चढलो. बाहेर लख्ख ऊन, बर्फावरून परतून आत आलेलं. चर्च एवढं उजळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मडक्याचं तोंड माझ्या मुठीएवढं. आत काळोख.

मी बूच लावायला हात उचलला आणि...

आतून श्वास आला.

मी कान नेला. न्यायला नको होता.

"...धाकट्या..."

दोन महिन्यांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. खणखणीत. सगळे सूर जागेवर.

"...धाकट्या... अरे धाकट्या, ऐकू येतंय का?..."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, हे तिचं सगळं चोरलेलं. नाताळपासूनचं. सभेतली सात मिनिटं, जेवणाच्या टेबलावरची वाक्यं, सगळं इथे साठलंय.

"एबे, ती आत आहे!"

एबे शिडी धरून उभा होता. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. "ऐकू नकोस. आज्याने सांगितलंय, ऐकायचं नाही. ठोक!"

"...पाय... धाकट्या, पाय..."

मी ठोकलं.

एकदा. आवाज बारीक झाला.

दुसऱ्यांदा. लांब गेला.

तिसऱ्यांदा बूच पूर्ण बसलं, आणि आवाज शब्दाच्या मध्येच तुटला.

चर्च एकदम घुमायला लागलं. एबेचा खोकला छतापर्यंत जाऊन परत आला. आम्ही दोघं हसलो. मी त्याला मिठी मारली, जी आमच्या भागात लग्नातसुद्धा मारत नाहीत. वरून चरबी लावली, चुना लावला. म्हटलं, घरी जाऊन बोडिलला गायला लावायचं. बशा फुटेपर्यंत.

खिशातून फोन काढला. चर्चमध्ये शिरताना त्याची घंटी बंद केली होती. एक मिस्ड कॉल. बोडिलचा. अकरा वाजून सतरा मिनिटं.

निरोप ठेवलेला होता. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

वारा. बर्फ कुरकुरतोय. पाणी. समुद्रपक्षी. माणसाचा आवाज कुठेच नाही.

आणि शेवटी... लांबून... लाकडावर हातोडीचे तीन ठोके.

चर्चपासून खाडी दोन किलोमीटर आहे.

दुपारी ती सापडली. तिच्यापासून शंभर पावलांवर दोन माणसं बर्फाला भोक पाडून मासे धरत बसली होती. पोलिसांना त्यांनी सांगितलं, "तिने हात हलवला. आम्हीही हलवला. तोंड उघडं होतं. वाटलं, गात असेल. पण आवाज काही आला नाही."

अंत्यविधीला सिने आली होती. ती जवळ आली तेव्हा तिचं ते वाक्य मला आठवलं.

मडकं आवाज साठवत नाही.

त्या क्षणी आत गेला, त्या क्षणी संपला.

म्हणजे मी जे ऐकलं, ते नाताळचं नव्हतं. सभेतलं नव्हतं. ते त्याच क्षणाचं होतं. साऱ्या स्टावरूपमध्ये तिची हाक त्या वेळी फक्त एका जागी पोचत होती, आणि तिथे मी कान लावून उभा होतो. हातात हातोडी घेऊन.

हे मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नाही. सदर चालू ठेवलं. लोक म्हणतात, पूर्वीपेक्षा छान झालंय.

आता का सांगतोय?

यंदा चर्चला आठशे वर्षं पूर्ण होतात. थोरकिल्ड अजून अध्यक्ष आहे. एबे नाही, तीन वर्षांपूर्वी गेला, चाव्या समितीकडे आहेत. गेल्या महिन्यात समितीने ठरवलं, की आमच्या लाडक्या गायिकेच्या आठवणीत उत्तरेच्या भिंतीतलं मडकं पुन्हा उघडायचं. खाली पितळी पट्टी बसवायची. पट्टी तयारही झाली आहे. मला दाखवली.

'बोडिलसाठी.'

मी सभेत उभा राहिलो. या वेळी गप्प बसलो नाही. मारेन, कुंभार, बर्फ, तीन ठोके, सगळं सांगितलं. शेताचं नावही घेतलं. मोठ्याने. वीस मिनिटं.

बूच त्याआधीच्या आठवड्यातच काढलं होतं, हे मला सभा संपल्यावर कळलं.

परवा इतिवृत्त आलं. कलम सहा: 'होल्गर यांना काही म्हणायचं नव्हतं.'

मी स्वतःला समजावलं, खोडसाळपणा आहे. थोरकिल्डला तेवढंच जमतं.

आज सकाळी बेकरीत गेलो. काळा पाव मागितला. काउंटरवरची बाई मला बारा वर्षं ओळखते.

तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "पुढचं कोण?"

मी पुन्हा मागितला. जरा मोठ्याने.

बाई दाराकडे बघत होती. दुकानात आम्ही दोघंच होतो.

मी वर पाहिलं. छत पांढरं होतं. हजारो बारीक भोकं...